आईच्या खाटेचा स्क्रू

२० जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही आणली. आईला किती वाजता कोणत्या कुशीवर वळवलं, ताप किती, खाल्लं किती, हे लिहून ठेवायचं आहे. डाव्या पानावर चार रकाने आखले. पस्तीस वर्षं नकाशांच्या कार्यालयात रेघा ओढल्या, त्यामुळे रकाने सरळ आले. उजवं पान रिकामं राहतं. तिथे हे लिहितो आहे.

बारक्याला जाऊन आज आठ दिवस झाले. माझा धाकटा भाऊ, अंगणापलीकडच्या शेडमध्ये लेथवर लोखंड कातून सुटे भाग करायचा. तयार झालेले जॉब पोचवायला स्कूटरवरून निघाला आणि चौकात ट्रकखाली आला. वय सत्तेचाळीस. इस्पितळातून परस्परच नेलं, घरी आणलं नाही, कारण घरात आई आहे. परगावाहून आलेली बहीण, ताई, म्हणाली आईला सांगायचं नाही. डॉक्टरही तेच म्हणाले, तिचं हृदय हे सोसणार नाही. म्हणून आईला सांगितलं की एका कारखान्यात मशीन बसवायला तो बाहेरगावी गेला आहे, दोन-तीन महिने लागतील.

आईने तेव्हा एवढंच विचारलं, "न सांगता गेला?"

मी म्हणालो, घाईत निघाला. त्यानंतर तिने विषय काढलेला नाही. फोन लावून दे असा हट्टही नाही. ते एक बरं आहे.

२४ जानेवारी

नवीन काही नाही. ताप नाही. सकाळी उजवी कूस, दुपारी डावी.

डॉक्टर वही बघून गेले. म्हणाले, छान लिहिता, पण रकाने सोडून बाकीचं मला वाचायला लागू नये. मी म्हणालो, ते माझं आहे.

आईची खाट बारक्याने दोन वर्षांपूर्वी केली, तिची डावी बाजू गेली तेव्हा. खाटेचा डोक्याकडचा अर्धा भाग बिजागरीवर आहे. खालून एक लांब स्क्रू जातो आणि पायाकडे त्याची मूठ आहे. मूठ फिरवली की पाठ उचलली जाते. सपाट ते पूर्ण वर, एकतीस फेरे. सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या वेळी मी फिरवतो. पूर्वी बारक्या घरी असला तर तो फिरवायचा, आणि आईला म्हणायचा, चला, गाडी सुटली. मला तसं काही सुचत नाही. मी मुकाट्याने फिरवतो.

बाविसाव्या फेऱ्याच्या पुढे माझा उजवा अंगठा दुखतो. सांधा सुजला आहे. बारक्या कधी कधी बघत उभा राहायचा. डिसेंबरात त्याने खिडकीच्या काचांना लावतात त्या मऊ लांबीचा एक गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, दादा, हा मुठीत गच्च धर. मी धरला. तो घेऊन गेला. कुणा गिऱ्हाइकाचं काम असेल.

२ फेब्रुवारी

स्क्रू माझ्या हातून तुटला.

दोन दिवस मूठ जड फिरत होती. आज संध्याकाळी पाठ अर्धी वर आली आणि अडली. मी दोन्ही हातांनी जोर लावला. मुठीजवळच्या मानेत स्क्रू तुटला आणि आईसकट पाठ खाली आपटली. तिला लागलं नाही, पण ती दचकली. बराच वेळ श्वास लागला होता.

खाली वाकून बघितलं. आटे कोरडे ठणठणीत. कडा झिजून सुरीसारख्या झाल्या आहेत. बारक्या दर रविवारी खाटेखाली शिरायचा ते ग्रीस लावायला शिरायचा, हे आज कळलं. मला वाटायचं काहीतरी सांडलेलं पुसतो आहे.

आई म्हणाली, "राहू दे. बारक्या आला की करेल."

४ फेब्रुवारी

तुटलेला स्क्रू घेऊन बाजारातल्या एका टर्नरकडे गेलो. त्याने त्याच जाडीचा नवा करून दिला. चांगला चकचकीत. खाटेच्या नटमध्ये चार फेरे गेला आणि अडकला. उलट फिरवून काढला. पुन्हा लावला, पुन्हा चौथ्या फेऱ्याला तेच.

डॉक्टरांनी पाठीवर नळी ठेवून ऐकलं. म्हणाले, सपाट ठेवू नका, छातीत पाणी साठेल. उशा लावून बघितल्या. ती मधोमध वाकते आणि घसरते. माकडहाडावर आधीच लाल डाग आहे, तिथे घासतं.

५ फेब्रुवारी

फोरमनकाकांना घेऊन आलो. ते बाबांबरोबर एकाच कारखान्यात होते. दोन गल्ल्या सोडून राहतात. हातोड्यांच्या खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ऐकू येत नाही. आता मोतीबिंदूने दिसतही नाही धड. मशीन मात्र त्यांना बोटांच्या टोकांनी कळतं.

ते खाटेखाली पडून नट चाचपत होते. आई वरून म्हणाली, "काय हो फोरमन, खाटेखाली काय शोधताय?" त्यांना ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगितलं. ते खालूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोराची लबाडी शोधतोय."

लबाडी म्हणजे अशी. आमच्या शेडमधला लेथ बाबांच्या वेळचा, इंचाच्या मापाचा. बारक्याला खाटेसाठी जे आटे हवे होते त्याचे गिअर त्याच्याकडे नव्हते. होते त्या गिअरमध्ये जवळपास बसेल असं काहीतरी जमवून त्याने स्क्रू केला, आणि त्याच गिअरवर नटही केला. दोन्ही एकाच मशीनचे, त्यामुळे एकमेकांत अलगद बसले. पण जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनचा स्क्रू त्या नटमध्ये जाणार नाही. आणि नट त्याने चौकटीत वेल्डिंगने पक्का केला आहे.

"याच मशीनवर करावा लागेल," फोरमनकाका म्हणाले. "माझे हात थरथरतात. तू कर."

मी म्हणालो, मी आयुष्यात लेथला हात लावलेला नाही.

"माहीत आहे. तुझा बाप म्हणायचा, याला कागद नासू दे, लोखंड महाग आहे."

७ फेब्रुवारी

ताईने तिकडून भाड्याची खाट पाठवली. दोन माणसं घेऊन आली. आईने बघितलं आणि तोंड फिरवलं. मी समजावलं, मावशींनी समजावलं. मावशी म्हणजे आईला आंघोळ घालायला येतात त्या, सकाळी दोन तास. तोंड सतत चालू. त्या म्हणाल्या, आजी, बटण दाबलं की खाट आपली आपण वर होते, राणीसारख्या बसाल. आई म्हणाली, "मग राणीला निजव तिच्यावर."

माणसं खाट परत घेऊन गेली. ताई फोनवर माझ्यावर चिडली, की तू तिला दोन शब्द ठामपणे सांगू शकत नाहीस. खरं आहे.

आईचं म्हणणं एकच, बारक्याच्या खाटेवरून मी उठणार नाही. तिला वाटतं तो परत येऊन दुरुस्त करेल. त्यापुढे मी काय बोलणार.

९ फेब्रुवारी

शेड उघडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. अंगणातून वीस पावलं, आईच्या खिडकीच्या बरोबर समोर.

लेथच्या पकडीत, चकमध्ये, अर्धवट जॉब तसाच होता. खाली ट्रेमध्ये लोखंडाचा कीस, वेटोळ्या वेटोळ्यांचा, आता गंजलेला. त्याचा चष्मा टूलच्या डब्यावर घडी करून ठेवलेला. मी तो उचलला नाही.

गिअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने खडूने यादी लिहिली आहे. कोणत्या कामाला कोणते गिअर. सगळ्यात वर, "आईची खाट", आणि पुढे चार आकडे. बाही लागून पुसलं जाईल म्हणून आधी ते या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. त्या जाडीच्या सळया मोजल्या. तीन आहेत. लोखंड काय जातीचं हे त्यालाच माहीत, तुटका स्क्रू दाखवून बाजारात तसंच मिळेल याची खात्री नाही. म्हणजे तीनच संधी.

फोरमनकाकांनी गिअर चढवायला लावले. मोटर सुरू केली. पट्टा फडफडला आणि मशीन घरघरायला लागलं. अर्ध्या मिनिटात मला आठवलं की आवाज आईच्या खोलीत जातो आहे.

पळत गेलो. मावशी आईचे केस विंचरत होत्या. आई छताकडे बघत होती. "शेडमध्ये कोण आहे?"

मावशी कंगवा न थांबवता म्हणाल्या, "कोण असणार? बारक्याभाऊ आले की काल. खोकला झालाय म्हणून डॉक्टरांनी तुमच्याजवळ यायला बंदी केलीय. तिकडेच झोपतात."

आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "आला का. बरं झालं."

बाहेर आल्यावर मी मावशींना विचारलं, असं कसं बोललात. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही काय बोलणार होतात?"

१० फेब्रुवारी

आता रोज खोटं वाढवावं लागेल. सकाळी आईसमोर बारक्यासाठी म्हणून ताट वाढलं आणि शेडकडे नेलं. दुपारीही नेलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "त्याचं ताट वाढत जाऊ नकोस. वाया जातं."

तिला वाटत असेल तो बाहेर खातो. पूर्वीही तो कामात असला की तसंच करायचा.

१२ फेब्रुवारी

पहिली सळई वाया गेली.

लिहून ठेवतो, म्हणजे डोकं जागेवर येईल. आटे पाडताना एका दमात पूर्ण खोली घेता येत नाही. वीस-बावीस वेळा तेच तेच कापायचं, दर वेळी केसभर खोल. त्यासाठी कापणारं टूल दर वेळी त्याच चरीत पडलं पाहिजे. टूल जिच्यावर असतं त्या गाडीला एक खटका आहे. तो खाली टाकला की गाडी मशीनच्या लांब स्क्रूला धरते आणि आपोआप पुढे सरकते. वर उचलला की सुटते. शेजारी घड्याळासारखी तबकडी आहे. फोरमनकाका म्हणाले, दर वेळी काटा एकावर आला की खटका टाक, चुकायचं नाही.

मी पहिली चर पाडली. सुंदर आली. खटका उचलला, गाडी हाताने मागे आणली, काटा एकावर आला तेव्हा खटका टाकला. टूल दोन आट्यांच्या मधोमध गेलं. मला वाटलं माझी नजर चुकली. पुन्हा केलं. आता तिसऱ्याच जागी. दहा मिनिटांत सळईवर करवतीने ओरबाडल्यासारखं झालं.

फोरमनकाकांनी बोट फिरवलं आणि सळई बाजूला ठेवली. म्हणजे वाईटच.

१४ फेब्रुवारी

दुसरीही गेली. या वेळी मी काट्यावरून डोळा हलवला नव्हता. एक म्हणजे एक. तरी तेच.

फोरमनकाका म्हणाले तुझा हात खटक्यावर उशिरा पडतो. मी म्हणालो नाही पडत. ते ओरडले, मी ओरडलो. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ओरडलो असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते काठी टेकत निघून गेले.

एक सळई राहिली आहे. आईला आज ताप ९९.८. खोकताना आवाज ओला येतो. मी बारक्याच्या स्टुलावर बसून राहिलो. हे त्याचं काम होतं आणि तो ते झोपेत केल्यासारखं करायचा. मी मोठा, शिकलेला. मला सळईवर एक चर दुसऱ्यांदा सापडत नाही.

१५ फेब्रुवारी

आजचं जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी आईला भरवत होतो. चमच्याने, मान उशीवर, अर्धं गालावरून खाली. तिने दोन घास घेतले आणि म्हणाली, "बारक्या आटे पाडतोय ना?"

मी हो म्हणालो.

"आवाज पुढे जातो आणि थांबतो. मग नुसतीच खडखड. पुन्हा पुढे जातो." ती हळूहळू बोलते, शब्द जोडून जोडून. "या मशीनवर तुझे बाबा असं नाही करायचे. बारक्याही नाही. खटका सोडायचाच नाही. टूल बाहेर घ्यायचं आणि मशीन उलटं फिरवून तसंच मागे आणायचं. उलट्या फिरण्याचा आवाज वेगळा येतो. जड. तो मी दोन दिवसांत ऐकला नाही."

मी चमचा धरून बसलो होतो.

"विसरला असेल," ती म्हणाली. "सांग त्याला."

"सांगतो."

"ती तबकडी बाहेरच्या लोकांसाठी आहे. आपल्या कामाला नाही. हेही सांग."

मग म्हणाली, "आणि फोरमनवर ओरडू नकोस म्हणावं त्याला. म्हातारा माणूस आहे."

चाळीस वर्षं ती या खिडकीच्या आत स्वयंपाक करत ते मशीन ऐकत आली आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. पण मला लाज वाटली ती वेगळीच. तिचा इतका विश्वास आहे की तो तिकडे आहे. निरोप देते, त्याच्या चुका काढते. आणि मी तिला फसवतो आहे.

दुपारी फोरमनकाकांकडे जाऊन माफी मागितली. आईने सांगितलेलं ओरडून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, गिअर अधल्यामधल्या मापाचे, तिथे तबकडी खोटंच बोलणार. "मी मोठ्या कारखान्याचा फोरमन, आणि हे वहिनीने सांगावं."

१७ फेब्रुवारी

तिसरी सळई. सकाळी नऊला सुरू केली.

खटका एकदाच टाकला. शेवटी टूल बाहेर, मोटर उलटी, गाडी मागे. टूल केसभर आत, मोटर सुलटी. पुढे, मागे. चोवीस वेळा. मागे येताना पट्टा खरंच जड आवाज करतो, मी आज ऐकला. टूल दर वेळी त्याच चरीत पडलं. मला त्यात काही करावंच लागलं नाही, फक्त सोडायचं नव्हतं. मधे एकदा अंगठ्यात कळ आली आणि हात आपोआप खटक्याकडे गेला. फोरमनकाकांनी माझ्या मनगटावर काठी मारली. दिसत नाही म्हणतात.

खाटेचा नट करताना उरलेला तुकडा शेडमध्ये पडला होता, तो साडेबाराला सळईवर लावून बघितला. एका बोटाने फिरला. शेवटपर्यंत.

आईला सांगायला गेलो, की बारक्याचं काम झालं. ती डोळे मिटून होती. म्हणाली, "ऐकलं."

१८ फेब्रुवारी

मूठ राहिली. जुनी मूठ तुटताना वाकली.

लेथच्या मागच्या बाजूला बारक्याने कॉपी अटॅचमेंट बसवली आहे. पत्र्यातून कापलेला आकार तिथे पट्टीवर आवळायचा. एक बोथट काटा त्या पत्र्याच्या कडेवरून सरकतो आणि टूल तसंच आत-बाहेर होतं. पत्र्याला पोट असेल तर जॉबला पोट येतं, पत्र्याला कंबर तर जॉबला कंबर. आपल्या मनाचं काही घालावं लागत नाही. हे मला जमण्यासारखं आहे. कार्यालयात मी आयुष्यभर दुसऱ्याच्या रेघेवर पारदर्शक कागद ठेवून रेघ ओढली.

खणात खाटेच्या मुठीचा पत्रा सापडला, त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. लावला. मूठ तयार झाली आणि बघतो तर मधोमध एक खाच, बोट अडकेल एवढी. पत्र्यालाच तिथे खाच पडली आहे. काटा इमानदारीने तिच्यात उतरला आणि चढला. कॉपीचं असंच असतं. चूकही तितकीच नीट येते.

१९ फेब्रुवारी

त्याच खणात दुसरा पत्रा होता, कापडात गुंडाळलेला, नवा कोरा. कडा कानशीने घासून पॉलिश केलेली. आकार चमत्कारिक आहे. पोट जास्त जाड, आणि अंगठा येईल तिथे खोलगट उतार. त्यावर टोचणीने लिहिलं आहे, "दादा". पूर्वी काही अवघड आकार असला की तो मला दाखवून रेघ तपासून घ्यायचा. हा दाखवायचा राहिला असेल.

दुसरा काही नव्हता म्हणून हाच लावला. आकार चुकीचा वाटला तरी कोण जाणे कशी, मूठ हातात छान बसली. स्क्रूला जोडून त्या उरलेल्या नटवर फेरे मारून बघितले. अंगठा दुखला नाही. कदाचित दोन दिवस विश्रांती मिळाली म्हणून असेल.

स्क्रू आणि मूठ तयार आहेत. खाटेला लावायला अर्धा तास पुरेल.

२० फेब्रुवारी

लावलं नाही.

सकाळी पाने-पक्कड घेऊन आईच्या खोलीत गेलो, खाली बसलो आणि सहज वर बघितलं. सपाट पडल्यावर तिला छत आणि खिडकीची वरची चौकट एवढंच दिसतं. पाठ वर आली की समोर अंगण, आणि अंगणापलीकडे शेडचं दार, आणि दारातून लेथ. म्हणजे ती बसली की पहिल्यांदा त्यालाच शोधणार. आणि तिथे कुणी नसेल.

तिला म्हणालो, बारक्या म्हणतो अजून थोडं घासायचं आहे. ती म्हणाली, "घासू दे."

ताईला फोन केला. ती म्हणाली, खिडकीला पडदा लाव, त्यात काय. पडदा का लावला हे आईला काय सांगू, असं विचारलं. ती म्हणाली, ऊन येतं म्हण. खिडकीतून ऊन कधी येत नाही.

२२ फेब्रुवारी

लावलं नाही. मावशी दोनदा म्हणाल्या, साहेब, ती वस्तू तयार आहे ना मग. आई मला साहेब म्हणते, त्यांनी ते उचललं आहे. मी म्हणालो, बघतो.

ताप १००.४. जेवण अर्धी वाटी.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर आले. उजव्या बाजूला श्वास ऐकू येत नाही म्हणाले. मला बाहेर बोलावून विचारलं, स्क्रू कधी होणार होता? मी म्हणालो, झाला आहे. कधी? एकोणीसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इंजेक्शनं लिहून दिली. इस्पितळाचं विचारलं तर म्हणाले, या वयात नेण्या-आणण्यातच संपतील.

आत गेलो, पडदा लावला, स्क्रू बसवला. ग्रीस लावलं. एकतीस फेरे. आई वर आली. केस विस्कटलेले, चेहरा लहान झालेला. बावीस दिवसांनी तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले.

ती म्हणाली, "गाडी सुटली."

मग पडद्याकडे बघून, "हे काय?"

"ऊन येतं."

तिने माझा उजवा हात आपल्या उजव्या हाताने ओढून घेतला आणि नखं बघितली. काळी झाली आहेत, साबणाने जात नाहीत. तळहातावर दोन ठिकाणी कीस घुसून पिकलं आहे. तिने बोटाने दाबून बघितलं.

"यांना हळद लावून ठेव," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचे असेच व्हायचे."

२५ फेब्रुवारी

श्वास कष्टाने. वर बसवल्यावर थोडा बरा.

सकाळी म्हणाली, "साहेब, तो पडदा काढ."

मी म्हणालो, असू दे. ती म्हणाली, "काढ. मला बघायचंय."

माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती. मावशीही गप्प बसल्या, पहिल्यांदाच. काढला. शेडचं दार मी उघडंच टाकलं होतं. आत लेथ, स्टूल, डब्यावर चष्मा. माणूस नाही.

आई बघत राहिली. मी प्रश्नाची वाट बघत उभा होतो. उत्तर तयार केलं होतं, सामान आणायला गेला आहे.

मग ती म्हणाली, "मशीनवर कापड टाकून ये. धूळ बसेल."

मी गेलो, कापड टाकलं. वळलो तेव्हा ती खिडकीतून माझ्याकडेच बघत होती. उजवा हात थोडा उचलला, एवढ्या लांबून ये म्हणाली की पुरे म्हणाली ते समजलं नाही.

परत आलो. तिने बारक्याबद्दल काही विचारलं नाही. शेडमध्ये कुणी नाही हे तिला दिसलं नसावं. नजर बरीच गेली आहे.

२६ फेब्रुवारी

आजही काही विचारलं नाही. बाबांचं, फोरमनकाकांचं, जुन्या कारखान्याच्या भोंग्याचं बोलली. संध्याकाळी म्हणाली, "तुला कधी त्या मशीनला हात लावू दिला नाही यांनी. मी म्हणायचे, लावू द्या की." मग झोपली.

२८ फेब्रुवारी

पहाटे उजाडण्याआधी गेली. बसलेलीच होती.

डाव्या पानावर शेवटची ओळ भरली. वेळ, ५:५०. ताप, बघितला नाही. जेवण, नाही. कूस या रकान्यात काय लिहावं कळेना. पाठ वर, एवढं लिहिलं.

तिला उचलायच्या आधी पाठ खाली आणावी लागली. मावशी म्हणाल्या मी फिरवते. मी नको म्हणालो. एकतीस फेरे उलटे. स्क्रू लोण्यासारखा फिरला. अंगठा दुखला नाही.

९ मार्च

आज बऱ्याच दिवसांनी वही उघडली. ताई उद्या निघणार आहे. घर आवरून झालं. खाटेचं काय करायचं विचारत होती. मी म्हणालो, राहू दे. लेथचं विचारलं, तेही राहू दे म्हणालो. ती म्हणाली, तू काय करणार त्याचं. मला एकच स्क्रू करता येतो, आणि तो एकाच खाटेला लागतो.

मी तिला सगळं सांगितलं. तीन सळया, पडदा, पाच दिवसांचा उशीर. डॉक्टर तोंडाने बोलले नाहीत, पण मला माहीत आहे ते पाच दिवस कुठे गेले. एकोणीसलाच बसवलं असतं तर आई आज असती, हे मी रोज सकाळी मोजतो आणि रोज तितकंच येतं.

फोरमनकाका भेटायला आले होते तेव्हा मी त्यांनाही हे ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. त्यांनी मूठ हातात घेतली, बोटं फिरवली, माझा हात ओढून तिच्यावर ठेवला आणि मान हलवत बसले. म्हातारपणात माणूस हळवा होतो.

ताई रडून झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे. निदान बारक्याचं तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

मी म्हणालो, नाही कळलं.

तेवढ्या एका गोष्टीत तरी मी चुकलो नाही.